डिस्कचा शब्द

सकाळी साडेआठला ताईचा फोन आला तेव्हा भुंगा दात घासत होता. ताई एका मोठ्या इस्पितळाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ होती आणि कामावर असताना ती कधीच कुणाला फोन करत नसे.

"तुझ्या मशीननं माझ्या चार पिशव्या मोकळ्या करून टाकल्यात," ती म्हणाली. "त्यातल्या दोन बाहेर गेल्यात. तू ये."

"मोकळ्या म्हणजे?"

"फोनवर विचारू नकोस. ये म्हटलं ना."

भुंगा हे नाव ताईनंच ठेवलेलं. लहानपणी एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तो ती पोखरत बसायचा, आणि त्याला जेवायला हाका मारताना ताईचा घसा बसायचा. पुढे तो संगणकाच्या धंद्यात पडला. पोटापाण्यासाठी नोकरी होतीच, पण जीव अडकला होता तो एका ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. ठिकठिकाणच्या काहीशे लोकांनी मिळून बनवलेली, कुणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, सुधारावी अशी. या लोकांचा सगळा कारभार एका मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलांवर चाले. भांडणंही तिथेच होत. लिस्टवरसुद्धा तो भुंगाच होता. त्याच्याकडे डिस्कचा ड्रायव्हर सांभाळायला होता, म्हणजे सिस्टिम आणि डिस्क यांच्यामधला दुभाष्या. रक्तपेढीतलं जुनं मशीन लेबल छापायला मिनिट-मिनिट घ्यायला लागलं, तेव्हा ताईनं त्याच्यामागे लकडा लावला आणि त्यानं नवीन डिस्क आणून, आपली सिस्टिम घालून ते मशीन स्वतःच्या हातानं बसवून दिलं होतं. साहेबांची परवानगी ताईनं काढली होती. स्वतःच्या जबाबदारीवर, असं लिहून देऊन.

तो पोचला तेव्हा ताई फ्रिजसमोर पाठमोरी उभी होती आणि एकेक पिशवी काढून तिचा नंबर वहीत उतरवत होती. तिच्या हाताखालची दोघंजण तेच दुसऱ्या फ्रिजपाशी करत होती.

"काल संध्याकाळी चार पिशव्यांची संसर्गाची दुसरी चाचणी शंकास्पद आली," ताई न वळता म्हणाली. "पहिली ठीक होती, दुसरीत आकडा वर गेला. असं झालं की पिशवी रोखायची आणि तिसऱ्यांदा तपासायची. मी चारही रोखल्या. मशीननं चारही वेळा सांगितलं, 'जतन झालं'. मी डोळ्यांनी पाहिलंय. हात धुवायला उठले आणि तेवढ्यात वीज गेली. सकाळी माझ्या आधी आलेल्या मुलीनं मशीन सुरू केलं. चारही ठीक दिसत होत्या. तिनं लेबलं छापली, लावली. तिची काय चूक?"

"आणि दोन गेल्या."

"एक ऑपरेशनच्या खोलीतून परत आली, न उघडता. दुसरी सातला चढवली. बाळंतीण आहे. रक्तस्राव थांबत नव्हता म्हणून."

भुंग्याला बसायला खुर्ची हवी होती, पण तिथे एकच होती आणि तिच्यावर पिशव्यांचा ट्रे होता. तो मशीनकडे गेला. स्क्रीनवर चारही नंबरांपुढे कालच्या दुपारची जुनी नोंद दिसत होती. ताईनं नंतर जे लिहिलं त्याचा मागमूस नव्हता. डिस्कनं 'लिहिलं' म्हणून सांगितलं होतं आणि लिहिलं नव्हतं.

हे असं होऊ शकतं, असं सांगणारा एक माणूस होता. भुंग्यानं त्याला सहा महिन्यांपूर्वी शेकडो लोकांसमोर वेड्यात काढलं होतं.

त्या माणसाला लिस्टवर सगळे हवालदार म्हणत, कारण कुणाचाही बदल त्याच्यापाशी आला की तो फाटकावर अडवून झडती घ्यायचा. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेला. भुंग्याच्या आधी ड्रायव्हर त्याच्याकडे होता. वाद साधा होता. डिस्क 'लिहिलं' म्हणते तेव्हा मजकूर बहुतेकदा तिच्या खिशातच असतो. पानावर उतरायचा बाकी असतो. म्हणून ड्रायव्हर दरवेळी तिला बजावतो की आता सगळं खरंच उतरव, आणि ती उतरवेपर्यंत थांबतो. या थांबण्यात सगळा वेळ जातो. नव्या डिस्का मात्र स्वतःहून सांगतात, 'माझ्या पोटात विजेचा छोटा साठा आहे, वीज गेली तरी खिशातलं मी जपते.' भुंग्याचं म्हणणं, असं सांगणाऱ्या डिस्कपाशी थांबायचं नाही. काम चौपट वेगानं होतं. हवालदार म्हणाले, डिस्क स्वतःबद्दल काय सांगते त्यावर ड्रायव्हर रचू नये.

'एक तरी खोटं बोलणारी डिस्क दाखवा,' भुंग्यानं लिहिलं होतं. हवालदारांकडे ती नव्हती. 'मग ही नुसती भीती आहे, आणि भीतीला आम्ही डिझाइन म्हणत नाही. हवालदारांनी फाटक सोडून आता जरा आराम करावा.' हे वाक्य लोकांनी डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी हवालदारांनी दोन ओळींत राजीनामा दिला आणि लिस्ट सोडली.

आणि आज दुपारी चारला सिस्टिमची नवी आवृत्ती बाहेर पडणार होती, भुंग्याच्या ड्रायव्हरसकट. तोपर्यंत तो ड्रायव्हर मोजक्या लोकांच्या मशीनवर होता. चार आठवड्यांपूर्वी त्यानं तो ताईच्या मशीनवर घातला होता, कारण लेबलं आणखी भराभर निघतील.

रक्तपेढीचे प्रमुख डॉक्टर आत आले. किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे.

"मशीन सील होणार," ते म्हणाले. "डिस्क, नोंदी, काही बाहेर जाणार नाही. आणि तुमच्या त्या ईमेलांमध्ये आमचं नाव किंवा नंबर आला, तर गाठ माझ्याशी आहे."

"साहेब, हाच दोष आज हजारो मशीनवर जाणार आहे. मला पुरावा..."

"माझ्यापुढे आज एक बाई आहे," डॉक्टर म्हणाले. "हजारांचं तुम्ही बघा." मग ताईकडे वळून, "रोखलेल्या पिशव्या हातानं बाजूला का काढल्या नव्हत्या?"

"सकाळी यादी छापून मग काढतो, साहेब. नेहमीप्रमाणे," ताई म्हणाली. "मी स्क्रीनवर भरवसा ठेवला."

तिनं भावाकडे पाहिलंही नाही. तो दारातून बाहेर पडताना तिनं त्याला थांबवलं.

"एक सांगायचं राहिलं. काल वीज एकदा नाही गेली. दोनदा लुकलुकली. गेली, आली, आणि दोन-तीन सेकंदांत परत गेली."

"बरं," तो म्हणाला. ते त्याच्या डोक्यात तेव्हा शिरलंच नाही.

घरी त्याच जातीची एक जादा डिस्क होती. दोन एकदम आणल्या होत्या. त्यानं ती टेबलावरच्या मशीनला जोडली, लिहायला लावली आणि प्लग उपटला. परत लावून तपासलं. सगळं जागच्या जागी. बारा वेळा उपटलं. बारा वेळा डिस्क धुतल्या तांदळासारखी. पावणेअकराला त्यानं लिस्टवर लिहिलं: 'माझं डिझाइन चुकीचं आहे. आजची आवृत्ती थांबवा, निदान माझा बदल काढा. डिस्क खोटं बोलते. मी पाहिलंय.'

उत्तरं पटापट आली. कुठली डिस्क, कुठे पाहिलं, नोंदी जोडा. नोंदी देता येणार नाहीत, असं त्यानं कळवलं. 'मग आम्ही काय बघायचं?' एकानं लिहिलं. दुसरा म्हणाला, सहा महिने मोठमोठ्या मशीनवर चाललंय, कुणाचं काही बिघडलं नाही. तिसऱ्यानं त्याचंच वाक्य त्याच्यासमोर ठेवलं: भीतीला आम्ही डिझाइन म्हणत नाही. त्यात कुचेष्टा नव्हती. त्या माणसाला ते मनापासून पटलेलं होतं.

आवृत्ती काढायचं काम जिच्याकडे होतं तिला सगळे मुकादमबाई म्हणत. तिनं त्याला एकट्याला लिहिलं: 'तू घाबरला आहेस ते दिसतंय. पण हा बदल आता काढला तर त्यावर उभे असलेले आणखी नऊ बदल काढावे लागतात आणि सगळी तपासणी पहिल्यापासून. अकरा महिन्यांचं काम आहे लोकांचं. चारपर्यंत मला काहीतरी दाखव. एक डिस्क दाखव. त्यानंतर माझ्या हातात नाही.'

प्लग उपटून काही निघणार नव्हतं. हातानं होतं ते ढोबळ. नेमक्या क्षणी वीज तोडणारं, हजार वेळा तोडणारं आणि दरवेळी काय राहिलं ते तपासणारं एक यंत्र होतं, पण ते हवालदारांच्या घरी होतं. लिस्टवर त्यांनी त्याचा फोटो टाकला होता आणि लोकांनी त्यावरही थट्टा केली होती. त्यांना फोन करायची भुंग्याची छाती झाली नाही. फोन ठेवून देतील, दारातून तरी लगेच हाकलणार नाहीत, असा त्यानं हिशेब केला. डिस्क रुमालात गुंडाळून तो पावणेबाराच्या बसमध्ये बसला. तीन तासांचा रस्ता होता.

बसमध्ये तो फोनवर लिस्ट वाचत राहिला. लोक वाद घालत होते, पण वाद आता त्याच्या जुन्या मताच्या बाजूनं आणि त्याच्याच विरुद्ध चालला होता. त्याचे जुने मुद्दे त्याच्यापेक्षा चांगले मांडणारे चौघे निघाले होते. एकाला त्यानंच शिकवलं होतं. त्यानं दोनदा उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं. मध्येच ताईचा निरोप आला: 'बाईचा रक्तस्राव थांबला. तिसरी चाचणी लावलीय, पण तिचाही भरवसा लगेच धरता येत नाही म्हणतात. बाईला तीन महिने नजरेखाली ठेवणार. तिला अजून सांगितलेलं नाही.' खाली आणखी एक ओळ: 'मला घरी पाठवलंय.'

शेजारच्या प्रवाशानं विचारलं, तब्येत बरी आहे ना. भुंगा हो म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

हवालदारांचं घर शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर होतं. अरुंद जिना, वर एक दार. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. तिनं त्याला ओळखणं शक्यच नव्हतं, पण त्यानं टोपणनाव सांगताच तिचा चेहरा बदलला.

"बाबा," तिनं आत बघून सांगितलं, "ते भुंगा आलेत."

हवालदार खिडकीपाशी चष्मा पुसत बसले होते. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ म्हातारे. त्यांनी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. भुंग्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. इस्पितळाचं नाव गाळून बाकी सगळं: ताई, चार पिशव्या, बाळंतीण, चार वाजताची आवृत्ती.

"माफी मागायला आलास का मदत मागायला?" हवालदार म्हणाले.

"दोन्ही."

"माफीचं राहू दे. मदतीचं ऐक. तू हसलास ना माझ्यावर, तोपर्यंत मी दोन हजार वेळा वीज तोडली होती. या असल्या डिस्कांवर. एकदाही चूक सापडली नाही. एकदाही नाही. म्हणून मी गप्प बसलो. मी तुझ्यापुढे हरलो नाही, त्या डिस्कांपुढे हरलो. आता तुला काय दाखवू?"

भुंगा स्टुलावर बसला. भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होती. सून पाण्याचा पेला ठेवून गेली, तो त्यानं घेतला नाही. आता काही उरलं नाही असं त्याला वाटलं आणि तो काय बोलतोय याचं भान न राहता बोलत गेला. ताई तिथे बावीस वर्षं आहे, ती कधी एक नंबर चुकली नाही, काल तर हात धुवायला उठली तेवढ्यात वीज लुकलुकली, एकदा सोडून दोनदा...

"थांब," हवालदार म्हणाले. "दोनदा?"

"गेली, आली, दोन-तीन सेकंदांत परत गेली."

हवालदार उठले. गुडघ्यावर हात टेकवून, पण उठले. "मी दरवेळी मिनिटभर थांबायचो," ते म्हणाले. "सुरू होऊ दे, स्थिर होऊ दे, मग पुढची. नीटनेटकं काम. मूर्खासारखं." त्यांनी पलंगाखालून एक लाकडी फळी ओढली. तिच्यावर स्विच, तारा आणि एक जुनं मशीन स्क्रूनं बसवलेलं होतं. सहा महिन्यांची धूळ होती. "पोटातला साठा पहिल्या वेळी रिकामा होतो. तो भरायला वेळ लागतो. वीज आली की खिशातलं ती पानावर उतरवायला घेते, आणि साठा भरायच्या आत परत वीज गेली तर ते कशावर जपणार? आण ती डिस्क."

यंत्र सुरू व्हायलाच अर्धा तास गेला. एक तार सुटली होती, ती डागायला कथील सापडेना. सून खालच्या दुकानातून घेऊन आली. मग हवालदारांनी वेळ बसवली: तोड, तीन सेकंद, तोड. पहिल्या वेळी काही झालं नाही. दहाव्या वेळीही नाही. चारला दहा मिनिटं असताना भुंग्यानं मुकादमबाईंना लिहिलं, थोडं थांबा. उत्तर आलं: 'काही सापडलं?' खोटं लिहावं असं त्याच्या मनात आलं. बोट फोनवर तसंच राहिलं. मग त्यानं लिहिलं, अजून नाही.

चार वाजता आवृत्ती बाहेर पडली. लिस्टवर अभिनंदनांची रीघ लागली. कुणीतरी त्याचंही नाव घेऊन आभार मानले.

"तीनऐवजी दोन सेकंद करून बघू," हवालदार म्हणाले. त्यांनी फोनकडे पाहिलंही नव्हतं.

पाच वाजून सहा मिनिटांनी, एकेचाळिसाव्या वेळी, तपासणीत चार ओळी लाल आल्या. डिस्कनं 'लिहिलं' म्हटलेल्या चार गोष्टी तिच्यावर नव्हत्या. कुणालाच आनंद झाला नाही. पुन्हा करून पाहिलं. साठाव्या वेळी परत आलं, या खेपेला सात ओळी.

भुंग्यानं सगळं लिस्टवर टाकलं: डिस्कची जात, यंत्राची रचना, वेळा, नोंदी. खाली लिहिलं, 'पुरावा हवालदारांचा. चूक माझी.' बारा मिनिटांनी मुकादमबाईंचं उत्तर आलं. आवृत्ती मागे घेतली होती. तिनं स्वतःच्या हातानं सगळीकडे धोक्याची सूचना लावली होती. सव्वादोन तासांत अकरा हजारांवर लोकांनी ती उतरवून घेतलेली होती. त्यातल्या कितीजणांनी बसवली आणि किती ठिकाणी वीज दोनदा लुकलुकली, हे कळायला कुणालाच मार्ग नव्हता.

"तुम्ही परत या," भुंगा निघताना म्हणाला. "ड्रायव्हर तुमच्याकडे घ्या."

"नको," हवालदार म्हणाले. "मला सहा महिने झोप लागतेय." मग फळीकडे बोट दाखवून, "ही घेऊन जा. जिन्यावर जपून, जड आहे."

पुढच्या आठवड्यांत पत्रं आली. बहुतेक शिव्या देणारी होती, ती परवडली. एका शाळेच्या शिक्षिकेनं परीक्षेचे गुण गेल्याचं लिहिलं, एकानं आईच्या आजारपणात ठेवलेल्या औषधांच्या नोंदी गेल्याचं. ड्रायव्हरमुळेच गेलं का, हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं आणि भुंग्यालाही सांगता येत नव्हतं. तो प्रत्येकाला उत्तर देत होता. नवा ड्रायव्हर त्यानं थांबणारा केला, डिस्क स्वतःबद्दल काहीही सांगो. वेग चौथ्या हिश्शावर आला. त्यावरून लिस्टवर पुन्हा वाद झाला, तो त्यानं नुसता वाचला.

ताईला दोन आठवड्यांनी कामावर घेतलं, पण रक्तपेढीत नाही. भांडारात, हातमोजे आणि पट्ट्या मोजायला. तिनं हे भावाला सांगितलंच नाही. त्याला तिच्या नवऱ्याकडून कळलं. तो तिच्या घरी गेला तेव्हा ती कपडे घड्या घालत होती.

"मी डॉक्टरांना सांगतो, चूक माझी होती," तो म्हणाला.

"मी सांगितलंय त्यांना ते. तरी सही माझी होती." तिनं एक चादर त्याच्या हातात दिली. "ते टोक धर."

बाळंतिणीला सगळं सांगितलं गेलं होतं. तीन महिन्यांत तिला चार वेळा तपासणीला बोलावलं. तारखा भुंग्याला ताईच्या नवऱ्याकडून कळत. चारही वेळा भुंगा इस्पितळाबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. आत जायचा त्याला हक्क नव्हता आणि त्या बाईनं त्याला ओळखायचं कारण नव्हतं. ती बाळाला छातीशी धरून नवऱ्याबरोबर यायची. दरवेळी तिचा चेहरा आदल्या वेळेपेक्षा उतरलेला असायचा. दुसऱ्या खेपेला तिचा नवरा बाहेर येऊन त्याच बाकावर बसला आणि गुडघ्यांवर कोपरं टेकवून रडला. भुंगा तिथेच बसून राहिला.

चौथ्या वेळी निकाल लागायचा होता. दुपारी एकच्या सुमारास ताई भांडारातून बाहेर आली. तिला तो बाकावर असणार हे ठाऊक होतं. पहिल्यापासूनच ठाऊक होतं, असं तिनं नंतर सांगितलं.

"साफ आहे," ती म्हणाली. "बाळाचंही. सुटली बाई."

भुंग्यानं बाकावर सरकून जागा केली. ताई शेजारी बसली, पण त्याला थोपटायला वगैरे गेली नाही.

"डॉक्टर मला परत घेणार नाहीयेत," थोड्या वेळानं ती म्हणाली. "विचारलं मी आज."

"मी काय करू, ताई?"

"काही नको करूस. मला पाच मिनिटं बसू दे. मग जाते, मोजदाद अर्धी टाकून आलेय."

ती पाच मिनिटं बसली. मग पदराला हात पुसले, नसलेली धूळ झटकली आणि आत गेली.